धाकट्या भावाला सीएमटी आहे, पायाचा ब्रेस कुठला घ्यावा? प्लास्टिकचा की कार्बनचा?

एरंडोलकर

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला शार्को-मारी-टूथ म्हणजे सीएमटी नावाचा नसांचा आनुवंशिक आजार आहे. वय २७, जिनिंगमध्ये वजनकाट्यावर हिशेबाला असतो. नाशिकला न्यूरोलॉजिस्टनी एनसीव्ही म्हणजे नसांचा वेग मोजायची तपासणी केली, मग रक्त जीन टेस्टला गेलं, रिपोर्टमध्ये पीएमपी२२ जीनचं डुप्लिकेशन म्हणजे टाइप १ए आलाय. डॉक्टर म्हणाले यावर औषध नाही, व्यायाम करा आणि एएफओ म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा ब्रेस लावा, आणि चिठ्ठीवर नुसतं "बायलॅटरल एएफओ" म्हणजे दोन्ही पायांना एवढंच लिहून दिलं. आता तेवढी चिठ्ठी घेऊन आम्ही दुकानं फिरतोय.

आमच्या वडिलांचे पाय पण असेच होते, गुडघ्याखाली काड्या, तळव्याची कमान उंच, बोटं आकडलेली. जन्मभर शेती केली त्या पायांवर आणि कुणी डॉक्टरला दाखवलं नाही, कारण घरात सगळे म्हणायचे यांच्या घराण्याचे पायच तसे. भावाचं शाळेपासून बघतोय, चप्पल पायात टिकत नाही, गुडघा उंच उचलून पाऊल टाकतो आणि पाऊल खाली फटकन आपटतं, तो गल्लीत आला की आईला चुलीजवळ बसून कळतं. पण गेल्या वर्षापासून सपाट जागेवर पण चवडा अडकून पडायला लागला. काट्यावर ट्रॅक्टर रांगेला लागलेले असतात, तिथं पडला म्हणजे काय होईल या विचाराने मला झोप लागत नाही.

पहिले मेडिकलवाल्याकडून तयार प्लास्टिकचा स्प्लिंट घेतला होता. आठवडाभर घातला, मग एका संध्याकाळी मोजा काढला तर करंगळीच्या मागच्या बाजूला जे हाड बाहेर येतं ना, तिथं चांगली जखम, मोजा चिकटलेला, आणि याला काही कळलंच नव्हतं. तेव्हापासून तो स्प्लिंट कपाटावर पडलाय. आता एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने सांगितलं कार्बन फायबरचाच घ्या, हलका असतो, आता सगळे तोच घेतात. किंमत अशी सांगितली की कापूस विकल्याशिवाय विषयच नाही. कापूस विकून घेऊ पण, पैशाचं मागेपुढे नाही, पण तो पण कपाटावर गेला तर?

आणि एक घरातली गोष्ट. भावासाठी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते लग्न जमेपर्यंत पायाला काही बांधू नको, पाहुणे काय म्हणतील. भाऊ काहीच बोलत नाही. इथं कुणी स्वतः वापरत असेल तर कृपया सविस्तर सांगा, जळगाव-धुळ्याकडचं कुणी असेल तर अजून बरं.

गिरणाथडी

दादा, जीन टेस्ट झालीय म्हणजे निदान पक्कं आहे, ते फार चांगलं केलं. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो, आपल्या भागात पाऊल लोंबायला लागलं की लगेच कुणी पोलिओ म्हणतं, कुणी वारं गेलं म्हणतं. असं झालं तर आधी शुगर, बी१२ आणि कुष्ठरोग तपासून घ्या. कुष्ठरोगात पण पाऊल लोंबतं आणि बोटं आकडतात, आणि त्याला तर सरकारी दवाखान्यात फुकट आणि पूर्ण औषध आहे, लवकर धरला तर नस वाचते. साधारण फरक असा की कुष्ठरोगात बहुतेक एका बाजूला जास्त असतं आणि अंगावर बधिर चट्टे असतात, सीएमटीत दोन्ही पाय सारखेच बारीक होत जातात आणि घराण्यात आधी कुणालातरी असतं. पण सीएमटीतही हाताला नस जाड लागू शकते त्यामुळे नुसत्या बघण्यावर जाऊ नका, टेस्ट करा. ब्रेसबद्दल मला माहिती नाही, जाणकार सांगतील.

धुळ्याची टीचर

एरंडोलकर दादा, मला स्वतःला सीएमटी १ए आहे, शाळेत शिकवते, दोन्ही पायांना एएफओ घालते आणि घालून वर्षं झाली. तुमचा प्रश्न प्लास्टिक की कार्बन असा आहे पण माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे भावाच्या पायाचा कुठला स्नायू किती गेलाय आणि पाऊल अजून सरळ होतं का. ते कळल्याशिवाय कुठलाही महागडा ब्रेस घेतला तरी तो कपाटावरच जाणार.

घरी एवढं बघा. भिंतीला हात टेकवून त्याला टाचांवर उभं राहायला सांगा, चवडे वर उचलून. जमत नसेल तर नडगीच्या पुढचे स्नायू कमजोर, ते तर त्याच्या चालीवरून दिसतंच आहे. मग चवड्यांवर उभं राहायला सांगा, टाचा वर. हे जमतंय का? कारण सीएमटीत साधारण आधी पुढचे स्नायू जातात आणि पोटरी नंतर जाते, आणि पोटरी शाबूत आहे की गेली यावर ब्रेसचं सगळं गणित फिरतं. पोटरी चांगली असेल तर मागून येणारा पातळ लवचिक पट्टीचा ब्रेस, ज्याला लीफ स्प्रिंग म्हणतात, तो पण पुरतो, तो फक्त पाऊल वर धरतो. पण पोटरी गेली असेल तर तुम्ही उभे राहिलात की गुडघा पुढे कोसळायला बघतो, नाहीतर माणूस त्याला घाबरून गुडघा मागे ताणून लॉक करून उभा राहतो, आणि सारखं बूड हलवत पाय बदलत राहतो, एका जागी शांत उभं राहता येत नाही. भावाचं असं होतं का बघा, काट्यावर उभा असताना. मला वर्गात हेच व्हायचं, टेबल धरल्याशिवाय फळ्यावर लिहिता यायचं नाही, आणि मी कितीतरी वर्षं समजत होते की माझी कंबरच खराब आहे.

अशा वेळी लवचिक पट्टी कामाची नाही, नडगीला पुढून आधार देणारा ब्रेस लागतो, मग तो प्लास्टिकचा असो की कार्बनचा. माझा कार्बनचा आहे, पुढून नडगीवर टेकतो. तो घातल्यावर पहिल्यांदा मी टेबल न धरता उभी राहिले आणि दोन्ही हातांनी डस्टर-खडू धरून लिहिलं. म्हणून मी कार्बनची वैरी नाही, पण दुकानात उभ्या उभ्या साइज विचारून देणाऱ्याकडून घेऊ नका.

जखमेबद्दल फार कळकळीने सांगते. त्याला कळलं नाही कारण या आजारात पायाची संवेदना पण कमी होते. आपल्याला दुखणं सांगणारी नसच आजारी आहे, म्हणून डोळ्यांनी बघायचं. रोज रात्री ब्रेस काढल्यावर खाली आरसा ठेवून तळवा, टाच, दोन्ही घोटे आणि करंगळीची बाजू बघायची. लाल झालेलं अर्ध्या तासात गेलं तर ठीक, तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी ब्रेस घालायचा नाही, करणाऱ्याकडे न्यायचा. नवीन ब्रेस पहिल्या दिवशी तासभरच, मग हळूहळू वाढवायचा. गुडघ्यापर्यंत येणारे कॉटनचे मोजे, शिवण बोटांवर यायला नको, आणि आपल्याकडच्या उन्हात दुपारी मोजे बदलायचेच, मे महिन्यात ४५ डिग्रीत प्लास्टिकच्या आत घाम साठतो आणि ओली कातडी लगेच सोलते. मी पर्समध्ये मोज्यांची जास्तीची जोडी ठेवते, भावाला डब्याच्या पिशवीत ठेवायला सांगा.

लग्नाचं लिहिते जरा वेळाने, शाळेची घंटा झाली.

यावल केळी

राम राम दादा. मना मोठा भाऊले बी हाऊच आजार शे, म्हणून लिहितो. आम्ही केळीवाले, त्यामुळे मी शेतातलं सांगतो, ते वरच्या ताईंना अनुभवात आलं नसेल. ब्रेस घालून बागेत चालायचं म्हणजे पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो किलोने चिकटते, आधीच पाय उचलायला ताकद नाही आणि वर ते वजन. भाऊ पावसात चिखलात जातच नाही, बांधावरून बघतो आणि मजुरांना सांगतो, ते मान्य करायला त्याला फार वेळ लागला कारण सगळं आयुष्य बागेत गेलं. कोरड्या दिवसात जातो. ठिबकच्या नळ्या पायात येतात त्या पाहिल्या, आता आम्ही त्याच्या येण्याजाण्याच्या दोन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्याच्याजवळ काठी असतेच.

त्याचा साधा प्लास्टिकचाच आहे पण माप घेऊन केलेला. दोन वेळा पट्टे बदलले, वेल्क्रो मातीने लवकर जातो, तो चांभाराकडे बदलून मिळतो, त्यासाठी शहरात जायची गरज नाही. पण प्लास्टिकला कुठं बारीक तडा दिसला, खास करून घोट्याजवळ, तर चांभाराकडून चिकटवून घ्यायचा नाही, ते चालता चालता तुटतं.

ऑर्थो कारागीर

मी प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट आहे, ब्रेस बनवणं हेच माझं काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. धुळ्याच्या ताईंनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय.

दादा, तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे जखम झाली ती जागा. करंगळीच्या मागे बाहेरच्या बाजूचं हाड. याचा अर्थ भावाचं पाऊल बाहेरच्या कडेवर टेकतंय, टाच आत वळलीय आणि कमान उंच आहे, सीएमटीत हे फार जणांना असतं. असं पाऊल जेव्हा सपाट तळाच्या तयार ब्रेसमध्ये कोंबलं जातं तेव्हा सगळा भार त्या एका हाडावर येतो. मग ब्रेस प्लास्टिकचा असो की कार्बनचा, जखम तिथंच होणार.

आता बघायचं असं की ते पाऊल हाताने सरळ होतं का. आम्ही पायाच्या बाहेरच्या कडेखाली लाकडी ठोकळा ठेवून उभं करतो, अंगठ्याकडची बाजू खाली सुटते, आणि मागून टाच सरळ होते का बघतो. टाच सरळ झाली तर पाऊल अजून लवचिक आहे, मग आतल्या सोलला बाहेरच्या बाजूने उंची देऊन बरंच सावरता येतं. टाच हललीच नाही तर विकृती पक्की झालीय, तिला ब्रेसने जबरदस्ती सरळ करायला गेलं तर फोडच येणार, तिथं पावलाचा आहे तसा आकार धरून त्याला आधार द्यायचा, आणि फारच वाकडं असेल तर आधी पावलांचं काम करणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवायचं. ते हाड कापून टाच सरळ करतात, चालू असलेल्या स्नायूचा टेंडन दुसऱ्या बाजूला वळवतात, त्यानंतर ब्रेस लहान पुरतो किंवा नीट बसतो. ऑपरेशन कराच असं म्हणत नाही, पण एकदा मत घ्यावं.

प्लास्टिक आणि कार्बनमधला जो फरक दुकानदार सांगत नाही तो असा. पॉलिप्रॉपिलिन म्हणजे नेहमीचं पांढरं प्लास्टिक, ते हीट गनने गरम करून जिथं टोचतंय तिथं फुगवता येतं, कडा घासता येतात. तयार कार्बन ब्रेसला तसं करता येत नाही, त्याचा आकार जो आहे तो आहे. तो हलका असतो, वाकून परत सुटताना पुढे ढकलायला मदत करतो, पोटरी कमजोर असलेल्याला ती मदत खूप जाणवते. पण त्याच्या तळपट्टीवर पावलाच्या मापाचा वेगळा सोल बनवून बसवल्याशिवाय सीएमटीच्या पायाला तो देऊच नये, आणि तयार पेट्या विकणारे नेमकं तेवढंच करत नाहीत.

माझं मत असं की ज्याने कधी नीट बसलेला ब्रेस घातलेलाच नाही त्याने आधी माप घेऊन केलेला प्लास्टिकचा घ्यावा. सहा-आठ महिने घालू द्या, कुठं टोचतं, किती कडक हवा, हे त्यातून कळतं, फेरफार करता येतात, आणि मग कार्बनवर जायचं तर माहिती हातात असते. कापूस त्यासाठी विकायची घाई नको.

माप कसं घेतात ते बघा. पायाला मोजा चढवून प्लास्टरची पट्टी गुंडाळतात आणि ती सुकेपर्यंत करणारा पाऊल हातात धरून सरळ स्थितीत ठेवतो, त्या हाताच्या धरण्यावर ब्रेसचं अर्धं काम असतं. आता काही ठिकाणी स्कॅनरने पण घेतात. माप घ्यायच्या आधी त्याने भावाला चालायला सांगितलं पाहिजे, पुढून, मागून, बाजूने. चालायला न सांगता टेप लावणाऱ्याकडून उठून या. आणि आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

नडगी टू टाच

मी फिजिओ, भुसावळ. ब्रेस घातला की स्नायू आळशी होऊन अजून बारीक होतील ही भीती बऱ्याच घरांत असते म्हणून लिहिते. हा आजार नसेचा आहे, स्नायू बारीक होतो तो नस निरोप पोचवत नाही म्हणून, ब्रेसमुळे नाही. उलट ब्रेस नसताना लोंबतं पाऊल वाचवायला माणूस मांडीने आणि कमरेने पाय उचलत राहतो आणि दिवसाच्या शेवटी गळून जातो. चालीच्या लॅबमध्ये सीएमटीच्या लोकांवर जे छोटे छोटे अभ्यास झालेत त्यात हेच दिसलं की एएफओ घातल्यावर पाऊल कमी लोंबतं आणि खुब्यातून पाय उचलायचे कष्ट कमी होतात. अभ्यास लहान आहेत, पण पेशंट पण तेच सांगतात. आणि हे पण खरं की दिलेले ब्रेस लोक घालत नाहीत, टोचतात म्हणून आणि दिसतात म्हणून, तेही अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा आलंय. म्हणजे हा प्रॉब्लेम फक्त एरंडोलचा नाही, सगळ्या जगाचा आहे.

टाचेची शीर आखडत असेल तर रोज ताणायची, भिंतीला हात लावून, टाच जमिनीला टेकलेली. टाच खाली येतच नसेल तर ब्रेसमध्ये ती वर सरकते आणि तिथं पण जखम होते. रात्री घालायचे स्प्लिंट कुणी विकायला लागलं तर सांगते, सीएमटीत त्यावर ट्रायल झालीय आणि घोट्याच्या हालचालीत फायदा दिसला नाही, त्यावर खर्च करू नका. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसचं पण तेच, १ए वर मोठ्या ट्रायल झाल्या, उपयोग झाला नाही. आणि एक गोष्ट फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, व्हिन्क्रिस्टीन नावाचं कॅन्सरचं औषध या आजारात नस फार वेगाने खराब करतं, देव न करो पण कधी तशी वेळ आली तर डॉक्टरला आधी सीएमटी सांगायचं.

एरंडोलकर

मंडळी, काय बोलू, इतकं तर आम्हाला कुणी समजावलंच नव्हतं. काल रात्री भावाला भिंतीशी उभं करून सगळं बघितलं. टाचांवर उभा राहताच येत नाही. चवड्यांवर दोन्ही पायांनी मिळून थोडा उचलला जातो, एका पायावर अजिबात नाही. आणि टीचर ताई, तुम्ही ते बूड हलवत पाय बदलायचं लिहिलं ते वाचून दाखवलं तर तो एकदम म्हणाला की हो, मी काट्यावर खिडकीच्या गजाला धरूनच असतो. मी रोज बघतो त्याला, कधी लक्षातच आलं नव्हतं. ठोकळ्याचं आम्ही करायला गेलो नाही, ते जाणकारांकडेच करू.

म्हणजे पोटरी पण कमजोर, बरोबर ना? आणि कुठं जावं? खर्चासाठी काही सरकारी सोय आहे का?

ऑर्थो कारागीर

हो, पोटरी पण कमजोर आहे, म्हणजे नुसती लवचिक पट्टी नको. घोट्यात कडक आणि पुढून नडगीला धरणारा, ज्याला ग्राउंड रिअॅक्शन म्हणतात तसा काहीतरी लागेल, पण शेवटचा निर्णय चाल बघूनच, माझ्या टायपिंगवर नको. मुंबईला हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारचं. डॉक्टर, फिजिओ आणि ब्रेस बनवायचं वर्कशॉप एकाच आवारात, महालक्ष्मी स्टेशनवरून जवळ. जळगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं. एका फेरीत काम होत नाही, माप, ट्रायल, मग फिटिंग, हे धरून चला. आणि परतीला घाई करू नका, ट्रायलच्या दिवशी तिथंच पॅसेजमध्ये भरपूर चालवा, टोचलं तर तिथल्या तिथं सुधारून मिळतं.

खर्चाचं असं, आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढा. अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डापुढे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, त्यात चलनवलनाचं आहे आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार पण आहेत, त्यामुळे जीन रिपोर्ट आणि एनसीव्ही दोन्ही सोबत न्या, नाहीतर बोर्डावर नुसता पाय बघून पोलिओ लिहिलं जातं. ४० टक्के किंवा वर बसलं तर केंद्राची एडिप योजना आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत असाल तर साधनं मोफत किंवा कमी खर्चात मिळतात, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. एडिपच्या शिबिरात कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं देतात. पण शिबिरात गर्दी असते, घाईघाईत माप दिलं जातं. सीएमटीच्या पायाला घाईतलं माप चालत नाही, तिथं शांतपणे पण ठामपणे सांगायचं की याला संवेदना कमी आहे, जखम झालेली आहे.

धुळ्याची टीचर

आता लग्नाचं. आईंना दोष देत नाही, माझी आई पण हेच म्हणायची, आखाजीला माहेरी गेले की बायका पायांकडे बघायच्या म्हणून ती मला पाय पोटाशी घेऊन बसायला लावायची. पण दादा, ब्रेस लपवून आजार लपत नाही. भावाची चाल पाहुण्यांना अंगणातून येतानाच दिसणार आहे, ब्रेस नसेल तर जास्तच दिसणार, ब्रेस घातल्यावर उलट चाल सरळ होते आणि पँटखाली काही दिसत नाही. आणि समजा लपलं, लग्न झालं, मग मुलीला कळेल तेव्हा तिच्यावर काय गुजरेल?

मुलीकडच्यांना सगळं सांगा. हे पण सांगा की १ए मध्ये आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. आजार जिवावर उठत नाही, पण कुणाला किती त्रास होईल ते एकाच घरात वेगवेगळं असतं, तुमच्याच घरात बघा, वडिलांनी शेती केली. मूल होण्याआधी जेनेटिक कौन्सेलिंग घेता येतं. मी माझ्या मिस्टरांना लग्नाआधी सासऱ्यांसमोर हे सगळं सांगितलं, दोन स्थळं त्याआधी गेली होती, जाऊ दिली. आज कानबाईच्या वेळी घरात अनवाणी फिरावं लागतं, तेव्हा ते स्वतः माझ्यासाठी ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत खुर्च्या लावून ठेवतात, धरायला. तिसऱ्या ठिकाणी सगळं ऐकून होकार आला म्हणून हे शक्य झालं.

आणि भाऊ काहीच बोलत नाही असं लिहिलंत. त्याला विचारा ना, पाय त्याचा आहे.

जिनिंगचा काटा

मीच तो भाऊ. दादाने लिंक दिली, सगळं वाचलं. टीचर ताई, तुमचं वाचून आईला काल स्वतः सांगितलं की मी ब्रेस घालणार आणि पाहुण्यांसमोर घालूनच बसणार. ती रडली थोडी, मग म्हणाली मोजे मी धुवत जाईन.

माझा एक प्रश्न राहिला. मी रोज गिअरची मोटरसायकल चालवतो, दहा-बारा किलोमीटर, रस्त्याला एसटी वेळेवर नाही. कडक ब्रेस घातल्यावर उजव्या पायाने मागचा ब्रेक आणि डाव्याने गिअर जमेल का? आणि मुंबईला जाताना सोबत काय न्यावं? आता बोटांत पण जोर कमी वाटतो, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, तर ब्रेसचे पट्टे लागतील का नीट?

ऑर्थो कारागीर

भाऊ, तुम्ही स्वतः लिहिलंत, फार बरं वाटलं.

गाडीचं स्पष्ट सांगतो. घोट्यात कडक ब्रेस असेल तर ब्रेक घोट्यातून दाबता येत नाही, अख्खा पाय उचलून दाबावा लागतो, आणि वेळेवर पाऊल नेमकं ब्रेकवर गेलं का हे संवेदना कमी असल्याने कळत नाही. खरं तर आत्ता ब्रेस नसताना पण हा धोका आहेच. बिनगिअरची स्कूटर घ्या, दोन्ही ब्रेक हातात येतात. पण हातात जोर कमी वाटतोय म्हणताय तर ब्रेक लिव्हर दाबून बघा, लिव्हर बोटांच्या जवळ अॅडजस्ट करून मिळतो. थांबताना तोल जात असेल तर मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर असते, ती आरटीओत नोंदवून वापरता येते. हाताचं डॉक्टरांना मुद्दाम सांगा, या आजारात पायानंतर हात धरले जातात, हाजी अलीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट पण आहेत.

पट्ट्यांना टोकाला मोठी कडी किंवा कापडी लूप शिवून मागा, अंगठा घालून ओढता येतो, चिमटीत धरायची गरज पडत नाही.

सोबत नेताना सगळे रिपोर्ट, आणि तो कपाटावरचा जुना स्प्लिंट नक्की न्या, तो कुठं घासला ते त्याच्यावर दिसतं आणि माप घेणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं. गुडघ्याच्या वर जाईल अशी हाफ पँट. रोज घालायचे बूट. नवीन घेणार असाल तर अर्धा-एक नंबर मोठे, पुढून रुंद, आतला सोल निघणारे, लेस किंवा वेल्क्रोचे, आणि टाच फार उंच नको. एका टाचेच्या उंचीवर ब्रेस बसवला की मग दुसऱ्या उंचीच्या बुटात घातल्यावर नडगी पुढे किंवा मागे कलते आणि गुडघा दुखतो, म्हणून जे बूट वर्षभर घालणार तेच न्या. लाल डाग कुठं उठतात त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आधीची जखम भरली नसेल तर माप पुढे ढकला.

नडगी टू टाच

आणि दादा, तुम्ही आणि बहीण असेल तर तिने, टाचांवर उभं राहून बघितलंत का? घरात वडिलांपासून आलंय, तर एकदा न्यूरोलॉजिस्टकडे सगळ्यांनीच दाखवून घ्या. एनसीव्हीमध्ये १ए असेल तर नसेचा वेग कमी दिसतोच, त्रास सुरू झालेला नसला तरी.

एरंडोलकर

बहीण चोपड्याला असते, तिला आजच फोन करतो. मी टाचांवर उभा राहिलो, जमतंय मला. तिकिटं काढली आहेत, माप दिलं की इथंच लिहितो.